दोघांच्या सह्या

निवासी शाळेच्या अर्जात शेवटी एक ओळ होती: आई-वडील दोघांनी कार्यालयात एकाच वेळी हजर राहून सह्या कराव्यात. ही ओळ लिहिणाऱ्याने माझे आई-वडील पाहिले नव्हते.

दोघंही गर्द ओढायचे. मी बारा वर्षांची होते आणि त्या शाळेच्या निवड परीक्षेत पास झाले होते. तिथे राहणं, जेवण, पुस्तकं सगळं फुकट. आमच्या घरात पुस्तकं विकली जायची आणि जेवण अधूनमधून व्हायचं. मुदतीला तीन आठवडे होते. मी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर नोंदी सुरू केल्या.

निष्कर्ष असा निघाला. बाबा सकाळी ओढून आले की नऊ ते अकरा माणसांत असत, मग भिंतीला टेकून झोपत. आई अकरापर्यंत उठतच नसे. बारा ते एक मात्र तिच्याशी नीट बोलता येई. कार्यालय बारा ते दोन उघडं. दोघांचे आलेख कुठेच एकमेकांना छेदत नव्हते.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी वही दोघांपुढे ठेवली. बाबांनी ती बराच वेळ निरखली.

"अकरानंतर मी झोपतो, हे कशावरून?"

"एकवीसपैकी एकोणीस दिवस झोपलात."

"आणि उरलेले दोन?"

"घरी आलाच नाहीत."

आई हसली. "मग उद्या तुम्हीच थांबा. सह्या झाल्यावर ओढा."

"तोवर जीव जाईल माझा."

"रोज सकाळी जातो तो उद्या एकला जाईल. काय बिघडतं?"

दुसऱ्या दिवशी साडेबाराला आम्ही कार्यालयाच्या खिडकीपाशी होतो. बाबांनी सकाळपासून काही घेतलं नव्हतं. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया येत होत्या, आणि थंडी नसताना त्यांनी आईची शाल पांघरली होती. माझ्या नोंदींत एक गोष्ट राहूनच गेली होती: न ओढता त्यांचा हात कसा चालतो.

आईची सही स्वच्छ आली. बाबांची सही आपल्या रकान्यातून निघाली आणि शेजारच्या रकान्यात राहायला गेली. कारकुनाने ती ओळखपत्रावरच्या सहीशी ताडून पाहिली.

"ही तुमचीच?"

"माझीच. हात जरा स्वतंत्र विचारांचा झालाय."

"जुळत नाही. दुसरा अर्ज घ्या."

दुसरा अर्ज पेनाने फाटला. तिसऱ्याच्या वेळी आईने त्यांचं मनगट धरलं, तर सही आईच्या वळणाची आली.

"आज शेवटचा दिवस आहे," मी म्हणाले.

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या शालीकडे. त्याला कळलं असावं. त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला.

"अंगठा चालेल. पण मग लिहावं लागेल, वडील निरक्षर."

बाबा ताठ झाले. "मी बारावी पास आहे. सायन्स. फिजिक्सला एकाहत्तर."

"मग सही करा."

बाबांनी पेन खाली ठेवलं. हे एकाहत्तर त्यांनी घरमालकाला सांगितले होते, पोलिसांना सांगितले होते, भांडी विकत घेणाऱ्यालाही सांगितले होते. घरात न विकलेलं तेवढंच उरलं होतं.

"लिहा," ते म्हणाले. "अंगठेबहाद्दर लिहा."

"नुसतं निरक्षर पुरे."

आईने त्यांचा अंगठा दोन्ही हातांनी धरून कागदावर दाबला. ठसा अगदी स्पष्ट उमटला.

पावतीची वाट न बघता बाबा निघाले, शालीसकट, जवळजवळ पळत. कुठे ते आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"पावती तरी बघायची त्यांनी," मी म्हणाले.

"कशाला? वाचता कुठे येतं त्यांना."

मग आम्हा दोघींना हसू आवरेना. आईने हसता हसताच डोळे पुसले. कारकून "हळू, हळू" म्हणाला आणि त्याने पावतीवर शिक्का मारला. सोमवारी सकाळी आठला हजर राहावे, असं तिच्यावर छापलं होतं. पालकांनी सोबत येण्याची गरज नव्हती.