झाडामागची बादली

मित्रांनो, नाताळच्या झाडाची चित्रं तुम्ही पुष्कळ पाहिली असतील. शेंड्यावर चांदणी, फांद्यांवर काचेचे गोळे, खाली भेटवस्तूंचे पुडे. पण त्या झाडामागे, भिंतीला टेकून, पाण्याने भरलेली एक बादली उभी असायची, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. ती मी. आज माझ्या तळाला भोक पडलं आहे, कडी एका बाजूने निखळली आहे आणि माझा मुक्काम अडगळीच्या खोलीत आहे.

मला एका पत्रेवाल्याने आपल्या बहिणीसाठी घडवलं. तिच्या लग्नात सगळ्यांनी कपबशा दिल्या, याने बादली दिली. पाहुणे हसले. "हसा! कपबशा फुटतील, ही नातवंडांना पुरून उरेल," तो म्हणाला.

बहिणीचा नवरा पुस्तकं बांधायचा. पुढच्या खोलीत सुई, दोरा आणि खळीचा वास. मागच्या खोल्यांत संसार. यथावकाश दोन मुली झाल्या, थोरली आणि धाकटी.

त्या काळी विजेच्या माळा नव्हत्या. खऱ्या मेणबत्त्या चिमट्यांनी फांद्यांना अडकवत. वाळत चाललेलं झाड आणि त्यावर उघड्या ज्योती! म्हणून आई मला काठोकाठ भरून झाडामागे ठेवायची. "आधी बादली भरा, मग काडी ओढा," हा तिचा हुकूम. तोवर बाबांनासुद्धा काडेपेटी मिळत नसे.

झाड सजवताना मुली प्रश्नांचा भडिमार करायच्या. झाड घरात का आणायचं? आई सांगायची, "थंडीत बाकीची झाडं खराट्यासारखी होतात, हे मात्र हिरवंगार राहतं. म्हणून फार पूर्वीपासून लोक अशा हिरव्या फांद्या घरात आणायचे. तेवढाच जिवाला धीर." मग गोळे कशाला? "आधी खरी सफरचंदं टांगायचे. काचेचे गोळे मागाहून आले." आणि मेणबत्त्या? "कुणी म्हणतं, फांद्यांमधून चांदण्या दिसतात ना, त्यावरून सुचल्या. खरं-खोटं कुणाला ठाऊक!"

"आणि बादली?" धाकटीने विचारलं.

"ती माझ्या मनाची," आई म्हणाली, आणि सगळे हसले.

खरं सांगते मित्रांनो, मी हसले नाही. मला त्या गोळ्यांचा हेवा वाटायचा. त्यांना मऊ फडक्याने पुसत, माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. एकदा तरी आपल्यालाही कुणी सुंदर म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

ती पुरी झाली. थोरली पोस्टात नोकरीला लागली, त्या वर्षी तिच्या मैत्रिणी पहिल्यांदाच घरी येणार होत्या. आई तापाने अंथरुणात होती. थोरलीने मला झाडामागून ओढून काढलं. "बाबा, चारचौघींत ही डबडी बादली बरी दिसते का?" तिने पाणी मोरीत ओतलं, मला लाल फीत बांधली, हिरव्या फांद्या खोचल्या आणि दाराबाहेर पायरीवर मांडलं.

बाबा क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, "एका दिवसाने काय होतंय!" आणि त्यांनी काडी ओढली.

मैत्रिणी आल्या. "अगं, काय सुरेख!" त्या माझ्याभोवती जमल्या. मी फुलून गेले. दार उघडंच राहिलं. बाहेरचा वारा आत शिरला, एक ज्योत वाकली आणि धाकटीने केलेल्या कागदी साखळीला लागली. पाहता पाहता झाड पेटलं.

थोरली धावत बाहेर आली. तिने माझ्यातल्या फांद्या उपसून फेकल्या आणि आत पाहिलं. मी कोरडी ठणठणीत होते. तिच्या चेहऱ्यावरचा तो भाव मी आजवर विसरले नाही. ती मला घेऊन नळाकडे पळाली. पण परत येईतो बाबांनी जळतं झाड सतरंजीत कवटाळून विझवलं होतं.

घर वाचलं. बाबांचे हात मात्र गेले. जखमा भरल्या, पण बोटं आखडली ती कायमची. सुईत दोरा ओवणंही जमेना.

ते थोरलीला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. तिने नोकरी सोडली आणि त्यांच्या शेजारी बसून बांधणी शिकली. "टाका घट्ट घाल, पण कागद फाटू देऊ नकोस," ते शांतपणे सांगायचे. ती मान खाली घालून शिवत राहायची.

पुढे विजेच्या माळा आल्या. पाण्याची गरज संपली. तरी थोरली दर नाताळला मला भरून झाडामागे ठेवायची. आई गेली, बाबा गेले, थोरलीचे केस पिकले. धाकटीची मुलं विचारायची, "मावशी, बादली कशाला गं?" ती म्हणायची, "आपल्याकडची पद्धत आहे." मग मुलं पांगली, की कुणी ऐकत नाही असं पाहून पुटपुटायची, "भरली हं, बाबा." आणि मग बटण दाबायची.

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नाही. धाकटीनेही बहिणीच्या भिडेखातर तोंड उघडलं नाही. दोघी गेल्या, आणि ती गोष्टही गेली. धाकटीची मुलं मात्र सवयीने मला झाडामागे ठेवत राहिली.

गेल्या नाताळात धाकटीच्या नातीने विचारलं, "ही बादली इथे का ठेवतात?" तिची आई जराशी गोंधळली. "झाडाला पाणी घालायला असेल."

"आपलं झाड तर प्लॅस्टिकचं आहे!"

घरभर हशा पिकला. कुणीतरी मला उचलून इथे आणून ठेवलं.

मित्रांनो, मला पुन्हा झाडामागे न्या असं मी म्हणत नाही. माझ्यात आता पाणी ठरत नाही. एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात एखादी गोष्ट वर्षानुवर्षं केली जात असेल, तर ती कुणी सुरू केली आणि का, हे विचारा. 'पद्धत आहे' एवढ्या उत्तरावर गप्प बसू नका. आणि विचारायचं ते, सांगणारं माणूस घरात आहे तोवर विचारा.