गच्चीवरचा नवरदेव

लुआनाने काउंटरवर बाटल्यांची तीन झाकणं ओळीने मांडली आणि प्रत्येकात गांजाचं एकेक बी टाकलं. मेनाने चष्मा काढला, पर्समधलं धागे मोजायचं भिंग डोळ्याला लावलं आणि ती खाली वाकली. कपड्यांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं तिने याच भिंगातून जीन्सच्या शिवणी तपासल्या होत्या. पण तिन्ही बिया तिला सारख्याच दिसल्या. मिऱ्याएवढ्या, करड्या, अंगावर बारीक रेघा.

"हे घ्यायचं," शेजारी उभ्या असलेल्या वेन्झुने पहिलं झाकण अंगठ्याने पुढे सरकवलं. "नर-मादी मिसळलेलं. चल, बांध गं पोरी."

"भाऊजी, तिला आधी सांगू तर द्या."

"सांगायचंय काय त्यात? वहिनी, तू बोर्मलाच्या गोदीतली. तुमच्याकडे क्रेन उगवतात."

लुआनाने हसू ओठांत दाबलं. वेन्झु म्हणजे मेनाचा धाकटा दीर. नादुर गावातली अंजिरांची सगळ्यात मोठी बाग त्याची, आणि ती त्याला न विचारता वाढल्यासारखी कुणाला वाटू नये याची काळजीही तोच घेई. मेना माल्टाहून बोटीत बसून लग्न करून शेजारच्या या गोझो बेटावर आली त्याला त्रेचाळीस वर्षं झाली होती. तेव्हापासून तिने आपल्या हाताने जे जे लावलं ते ते मेलं होतं. तुळशीसारखा तो वासाचा पाला मेला, टोमॅटो मेले, एकदा तर पुदिनाही मेला. पुदिना कसा मेला हे वेन्झु दर सणाला जेवताना नव्याने सांगायचा आणि सगळं घर हसायचं. मेनाही हसायची, पण ताटाकडे बघत.

"पहिल्यात नर निघतील, मादीही निघतील," लुआना सांगू लागली. ती हे दुकान चालवायची, आणि नवख्या माणसाला समजावून सांगायची तिला मनापासून आवड होती. "नर ओळखून वेळेत उपटावे लागतात. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात फक्त मादी. दुसरं रोप दिवस लहान व्हायची वाट बघतं, त्यामुळे ऑक्टोबरात तयार होतं. मोठं होतं, भरपूर देतं. तिसरं ऊनबिन बघत नाही, आपलं वय मोजतं. बारा आठवड्यांत हातात. पण लहानखुरं, आणि सुरुवातीला काही चुकलं तर सुधारायला वेळ देत नाही."

"नर नाही, तर फळ धरणार कसं?" वेन्झुने विचारलं.

"फळ नकोच आहे, काका. फूल हवंय."

"ऐकलंस, वहिनी? आजकालच्या पोरी. नर नको म्हणे."

मेनाचं लक्ष तिकडे नव्हतं. ती मनातल्या मनात ऑक्टोबर मोजत होती. सावेर, तिचा नवरा, हिवाळ्यात पोटाच्या उपचारांतून बाहेर पडला तेव्हा बावन्न किलोचा होता. आता एकोणपन्नास. आजार गेला होता, भूकही गेली होती. इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली होती की आमचं काम झालं, आता यांनी खाल्लं पाहिजे. गांजाने काहींची भूक उघडते, काहींची नाही, करून बघायला माझी हरकत नाही. विकतचं आणलं तर सावेरने डबीकडे पाहून मान फिरवली. ज्याची माती माहीत नाही ते मी तोंडात घालत नाही, म्हणाला. किती झालं तरी बागायतदाराच्या घरचा. कायदा दर घराला चार रोपं लावू देत होता, रस्त्यावरून दिसली नाहीत म्हणजे झालं. पण ऑक्टोबर फार लांब होता.

वेन्झुने लावून दिली असती तर ती नक्की वाढली असती, हे मेनाला ठाऊक होतं. आणि तेच तिला नको होतं. या माणसाच्या तोंडात आपल्या हातचं काहीतरी जावं, एवढी एकच गोष्ट तिला या वर्षी हवी होती.

तिने तिसरं झाकण उचललं.

"चार बिया द्या यातल्या."

"वहिनी, फुकट जातील."

"मग जाऊ देत."

वेन्झुने खांदे उडवले आणि स्वतःसाठी पहिल्या प्रकारातल्या चार घेतल्या, त्यातल्याही लवकर येणाऱ्या. घरात एकाने तरी नीट लावायला हवं, असं तो लुआनाला म्हणाला, मेनाला ऐकू जाईल अशा आवाजात.

मार्चमधल्या सेंट जोझेफच्या सणाला मेनाने बिया लावल्या. पहिले दहा दिवस तिला धड झोप नव्हती. लुआनाने एका वहीच्या पानावर लिहून दिलं होतं ते तिने स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवलं, आणि त्यात लिहिलं नव्हतं तेवढं काहीही केलं नाही. पाणी कमी. खत नाही. सारखं उकरून बघायचं नाही. पुदिना का मेला हे तिला आता कुठे कळलं. दिवसातून चार वेळा त्याला पाणी पाजणारं दुसरं कोण होतं?

चारही रोपं उगवली. गच्चीच्या कठड्याआड, कपड्यांच्या दोऱ्यांखाली ती वाढत गेली, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात कमरेला लागली. शेंड्यांवर पांढरे केस फुटले. मेनाने भिंग घेऊन दुकान गाठलं आणि हे केस कसले, असं लुआनाला विचारलं.

"मादीची फुलं ती. नराची धूळ पडली की रोप सगळी ताकद बियांत घालतं," लुआना म्हणाली. "मग फूल संपलं. धूळ नाही पडली तर फूल फुगत जातं. आजूबाजूला कुणी नर ठेवला नाहीये ना?"

मेनाला वेन्झुची बाग आठवली. पण बाग गावाच्या दुसऱ्या टोकाला होती, आणि वारा त्या दिशेचा नव्हता.

वारा नव्हता, वेन्झु होता. दुसऱ्याच दिवशी सकाळी मेना गच्चीवर चादरी वाळत घालत असताना जिन्यातून त्याचा आवाज आला.

"वहिनी, बाजूला हो. नवरदेव आणलाय."

तिने वळून पाहिलं. वेन्झु अर्ध्या जिन्यात होता, खांद्यावर पोतं. पोत्याच्या तोंडातून हिरव्या फांद्यांच्या जुड्या लोंबत होत्या, लव्हाळ्याच्या दोरीने बांधलेल्या. दर जूनमध्ये रानअंजिराचे नर घोस तो असेच बांधायचा आणि बागेतल्या एकेका झाडावर टांगायचा, म्हणजे फळ गळत नाही. त्याच्या बापानेही तसंच केलं होतं आणि आजानेही. फांद्यांवर बारीक पिवळट घंटांसारखी फुलं होती. तो पायरी चढला तशी पायरीवर पिवळी पूड पडली.

"तिथेच थांबा, भाऊजी."

"अगं, माझ्याकडे दोन नर निघाले. एक मी ठेवला, एक खास तुझ्यासाठी कापून आणला. चार नवऱ्या मांडवात उभ्या आणि नवऱ्याचा पत्ता नाही, बरं दिसतं का ते?"

तो आणखी दोन पायऱ्या चढला. त्याच्या चेहऱ्यावर खोट काहीच नव्हती. भावासाठी, वहिनीसाठी, घामाघूम होऊन तो हे गावभरातून वाहून घेऊन आला होता. म्हणूनच मेनाचा जीव घाबरा झाला. लबाड माणसाला हाकलणं सोपं असतं. वेन्झुला आजवर कुणी हाकललं नव्हतं.

"वेन्झु," ती म्हणाली, "खाली उतर."

त्रेचाळीस वर्षांत तिने त्याला कधी नुसत्या नावाने हाक मारली नव्हती. वेन्झु एक पाय उचललेला तसाच उभा राहिला. तेवढ्यात मेनाने बादलीतली निथळती चादर उचलली आणि पोत्यासकट त्याच्या अंगावर टाकली. मग दुसरी टाकली. दोन्ही दुहेरी पलंगाच्या होत्या.

"काय करतेयस तू?" चादरीखालून आवाज आला.

"ओल्याने ती धूळ मरते. हलू नकोस."

"वहिनी, मी साठ वर्षं झाडं लावतोय. नराशिवाय फळ धरलेलं तू कधी पाहिलंयस?"

"पाहिलंय. तुझ्या विहिरीजवळचं सेंट जॉनचं अंजीर. जूनमध्ये सगळ्यात आधी तेच पिकतं, आणि सगळ्यात गोड तेच. त्या पहिल्या बहराला तू कधी नवरा बांधलायस?"



"ते वेगळं," वेन्झु चादरीखालून म्हणाला.

"हेही वेगळं."

खालून कसलासा आवाज आला. जिन्याच्या पायथ्याशीच सावेरची खोली होती. मेनाला वाटलं, त्याला ठसका लागला. पण तो हसत होता. थांबत थांबत, पोट धरून हसत होता, आणि डिसेंबरपासून या घरात तो आवाज झाला नव्हता.

"वेन्झु," सावेर खालून म्हणाला, "चादरी धुऊन परत आण."

वेन्झु चादरींसकट उलट्या पावली उतरला. मेनाने जिना सहा बादल्यांनी धुतला, स्वतःचे केस धुतले, अंगावरचे कपडे भिजत घातले, आणि मग गच्चीच्या दाराला आतून कडी लावून पायरीवर बसली. भीती होतीच, पण आनंदही होता, आणि तो तिला लपवावासा वाटला नाही.

पुढचे दोन आठवडे ती रोज भिंग घेऊन एकेक कळी तपासत होती. शिवणीतला सुटलेला टाका शोधायचा तशी फुगलेलं बी शोधत होती. कडेच्या एका फांदीत तीन बिया सापडल्या. बाकी चारही रोपं स्वच्छ होती, आणि दिवसागणिक फुगत होती. जूनच्या मध्यावर तिने ती कापली, सावेरच्या कोटांच्या कपाटात उलटी टांगून वाळवली, आणि त्यातलं थोडं ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर मुरवलं. कोटांना अजूनही तो वास येतो.

रोज संध्याकाळी ती पावावर टोमॅटो चोळायची, वर त्या तेलाचे थेंब सोडायची. पहिल्या दिवशी सावेरने दोन घास घेतले. दुसऱ्या दिवशीही दोनच. तिसऱ्या दिवशी त्याने पावाचा अर्धा तुकडा संपवला.

"काय म्हणतेय माती?" तिने विचारलं.

"माल्टाची दिसते," तो म्हणाला, आणि उरलेला अर्धाही उचलला.

जूनअखेरचा सेंट पीटर आणि सेंट पॉलचा सण आला. गावात बँड सकाळपासून फिरत होता. मेनाने आदल्या दिवसापासून वाइनमध्ये मुरवलेला ससा शिजवला, बटाटे भाजले, आणि दुपारी वेन्झु विहिरीजवळच्या अंजिरांची टोपली घेऊन आला. चादरी त्याने मागेच पोचवल्या होत्या, इस्त्री करून. त्यानंतर तो आला नव्हता.

जेवायला तिघंच होते. वेन्झुने पुदिन्याची गोष्ट काढली नाही. रस्सा ढवळत बसला.

"माझं सगळं बियांनी भरलं," तो एकदम म्हणाला. "फूल म्हणशील तर नखाएवढं. बी मात्र ओंजळभर निघालं. पक्ष्यांना घातलं."

मेनाने त्याच्या ताटात सशाची तंगडी वाढली.

वेन्झुने घसा खाकरला. मग खिशातून पेन्सिलचा तुकडा काढला, टोपलीतल्या अंजिरांखालचा कागद ओढून घेतला, हाताने सपाट केला. झाडाबद्दलची एखादी गोष्ट तो कागदावर लिहून घेतोय, हे गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"वहिनी, तू लावलंस त्या बियाण्याचं नाव काय?"

मेनाने सांगितलं. नाव लांबलचक आणि परदेशी होतं. वेन्झु जीभ दातांत धरून एकेक अक्षर काढू लागला.

सावेरचं ताट रिकामं झालं होतं. त्याने पावाने रस्सा पुसून घेतला, तो पाव खाल्ला, बोटं चाटली. मग तो पुढे वाकला आणि कुणाला न विचारता वेन्झुच्या ताटातली तंगडी उचलून खाऊ लागला.

वेन्झुची पेन्सिल थांबली. तो भावाच्या हाताकडे बघत राहिला. मग आपलं ताट त्याने बटाट्यांसकट सावेरच्या पुढ्यात सरकवलं, आणि मान खाली घालून पुन्हा कागदावर वाकला.

"परत सांगा, वहिनी," तो म्हणाला. "जरा सावकाश."