सातव्या वाटेचा जोड

"स्वच्छ आहे काका, राहू द्या आता," मुलगी म्हणाली. तरी काकांनी काचेच्या तारेचं टोक आणखी एकदा पुसलंच.

मुलगी प्रयोगशाळेतली संशोधक, काका तिथले तारा जोडणारे तंत्रज्ञ. तीन वर्षं खपून तिनं एक पेटी बनवली होती. मोबाइलच्या मनोऱ्यांकडून आलेले संदेश काचेच्या तारांमधून प्रकाश होऊन धावतात. त्यांना इवल्याशा आरशांनी हव्या त्या तारेत वळवायचं, हे पेटीचं काम. पण सातव्या वाटेवर निम्मा प्रकाश वाया जात होता. पंधरा दिवस डोकं फोडूनही कारण सापडेना. शेवटी विभागप्रमुख बाईंनी सांगितलं, आरसेच चुकलेत असं धरून संध्याकाळपर्यंत अहवाल दे. तो गेला की तीन वर्षांचं काम कपाटात बंद होणार होतं.

सगळ्यांनी सगळं तपासलं होतं, फक्त काकांचे जोड सोडून. एकतीस वर्षं तारा जोडणाऱ्या माणसावर कोण शंका घेणार? काकांनाही त्याचा तोरा होता. माझ्या हातचा जोड गळत नाही, असं ते घरी ऐकवत आणि मग आधी मोरीतला नळ बघा, असं बायकोकडून ऐकून घेत.

दुपारी सगळे जेवायला गेले. मुलगी जागची हलली नाही. तिचा उतरलेला चेहरा काकांना बघवेना. डबा तसाच ठेवून ते यंत्रांच्या मांडणीमागे शिरले. तिथे त्यांच्याशिवाय कुणी जात नसे. सातव्या वाटेची तार उपसून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि डोळ्यांपाशी नेऊन निरखली.

टोक हिरवं होतं आणि पेटीकडचं निळं. हिरव्या टोकाची काच तिरकी घासलेली असते, निळ्याची सरळ. हिरवं निळ्याला भिडवलं की निम्मा प्रकाश गेलाच म्हणायचा. नवशिक्याही ही चूक करत नाही. पण काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता आणि सहा महिने त्यांनी ते कामावर कुणाला कळू दिलं नव्हतं.

मुकाट्याने तार बदलली असती, तर कुणाला पत्ता लागला नसता. काकांच्या मनात तसं आलं, हे कशाला लपवा? पण मग प्रकाश आपोआप कसा वाढला, ह्याचा घोर पोरीला लागून राहिला असता. आपल्याच आरशांवर तिचा भरवसा बसला नसता.

ते तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"जोड माझा चुकलाय. हिरवं निळ्यात घातलं मी. मला रंग नीट दिसत नाहीत गं. तुझे आरसे बरोबर आहेत."

मुलीनं लिहायला घेतलेला अहवाल बाजूला सारला.

"पंधरा दिवस, काका," ती म्हणाली.

"हो."

त्यांनी निळ्या टोकाची तार तिच्याकडे दिली आणि तूच लाव म्हणाले. तिनं ती लावली, प्रकाशाचा आकडा वाचला, परत वाचला, आणि खुर्चीत बसून रडता रडता हसली. बाईंनी ऐकून घेतलं, अहवाल थांबवला आणि काकांना बजावलं, ऑपरेशन होईपर्यंत एकाही जोडाला हात लावायचा नाही. काकांना वाईट वाटलं. पण सहा महिन्यांत पहिल्यांदाच त्यांना हलकंही वाटत होतं.

मुलगी पुन्हा मांडणीमागे शिरली होती.

"काका, आठवा जोडही बघू का?" तिनं भीतभीतच विचारलं.

"सगळेच बघ. माझे म्हणून सोडू नकोस."

ते तिच्याशेजारी गुडघे टेकून बसले आणि तिला नीट दिसावं म्हणून बॅटरी धरली.