पंक्चरचं पाणी

मी घमेलं बोलतोय. हो हो, तेच, सायकलच्या दुकानात असतं तसं, पोचे पडलेलं, गढूळ पाण्याचं. नाकं मुरडू नका! आधी मी बांधकामावर सिमेंट वाहायचो. कड फाटली तसं मला फेकून दिलं, आणि ताईंनी उचललं.

ताई पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. सोळा-सतरा वर्षांच्या आया पाहून त्यांचा जीव तुटायचा. म्हणायच्या, "पोरी दवाखान्यात येतात तोवर उशीर झालेला असतो." म्हणून त्यांनी पोरांसाठी केंद्र काढलं. संध्याकाळी अभ्यास, खेळ आणि सायकलचं वर्कशॉप. मोडकी सायकल स्वतः उभी केली की ती तुमची!

आता गंमत ऐका. केंद्रात भाषणं झाली, भिंतीवर तक्ते लागले. पोरं नुसती खीखी हसायची, विचारायचं कुणीच नाही. पण ट्यूब माझ्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना नजर खाली असते ना, मग ओठांवर अडलेलं आपसूक बाहेर येतं.

भिंगरीचंही तसंच आलं. सतरा वर्षांची पोर, पण वाकडं चाक तिच्या हातात गेलं की निमूट सरळ व्हायचं. तिला मशीनकामाच्या कोर्सला जायचं होतं. तिची थोरली बहीण मात्र याच वयात आई झाली आणि शाळेला मुकली.

"ताई," ट्यूब दाबत ती म्हणाली, "पहिल्याच वेळी दिवस जात नाहीत, खरं ना?"

ताईंचा हात काही थांबला नाही. "जातात गं. पहिल्या वेळीही जातात. कोण म्हणालं?"

"तो. म्हणतो, प्रेम असेल तर..."

"आणि तुला काय वाटतं?"

तिने ट्यूब थोडी फिरवून पुन्हा बुडवली. म्हणाली, "मला नकोय आत्ता. पण तो सोडून गेला तर?"

"तर रडशील चार दिवस. मी आहे ना. आणि पुढे कधी काळजी कशी घ्यायची, तेही मलाच विचार. लाजायचं नाही."

भिंगरीने त्या पोराला नाही म्हणून सांगितलं. स्वारी रुसली. ताईंनी त्यालाही बोलावून माझ्यापुढे बसवलं. कान लालबुंद! "मला तरी कुणी काय सांगितलंय?" म्हणाला. खरंच होतं बिचाऱ्याचं. घरी सगळी अळीमिळी गुपचिळी.

काल भिंगरीला कोर्सला प्रवेश मिळाला. थोरली बहीण लेकरू कडेवर घेऊन केंद्र बघायला आली.

"हा माझा जीव की प्राण," लेकराचा पापा घेत ती ताईंना म्हणाली, "पण मला तेव्हा कुणी सांगितलंच नाही हो."

ताईंनी लेकरू घेतलं आणि तिला माझ्यापुढे बसवलं. तिने ट्यूब पाण्यात बुडवली. मान खालीच ठेवून तिने हळूच विचारलं, "शाळेत परत घेतील का मला?"

"उद्याच जाऊन विचारू. तू आणि मी."

माझा तळ आता झिरपतो, कबूल. पण मला एवढ्यात भंगारात घालू नका. तिला अजून पुष्कळ विचारायचंय.