बायजाचा शेवटचा नवस

नवस बोलावा तर बायजाने, असं गागोद्याकडच्या बायका म्हणायच्या. इतर जणी देवापुढे रडायच्या, पदर पसरायच्या. बायजा पदर खोचून उभी राहायची आणि बाजारात वाल विकताना बोलावं तसं सरळ बोलायची: हे दे, मी ते देईन. एकदा बोलली की विषय संपला. गावदेवीला साडी म्हटली की साडी, कोंबडं म्हटलं की कोंबडं. लेक सुशील पोटात राहावा म्हणून बोललेला नवस तिने बाळंतपणाचं अंग असताना, भर उन्हात अनवाणी जाऊन फेडला होता. नवरा आडवा आला तर त्यालाच झापलं. देवाचं ठेवून घ्यायचं नाही, एवढं एकच शास्त्र तिला येत होतं आणि ते ती चोख पाळत होती.

त्याच सुशीलच्या दोन्ही किडन्या गेल्या असं पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं. तिला एकच लेकरू. नवरा कधीच गेलेला. पोरगा धाटावला कंपनीत शिफ्टला लागला होता, प्रणिता सून होऊन घरात आली होती, आता कुठे बायजाला जरा टेकायला मिळालं होतं आणि हे असं झालं. बायजा हातपाय गाळून बसणारी नव्हती. जवळचे देव झाले, लांबचे झाले, एका दर्ग्यावर चादरही बोलून आली. सुशील दिवसाआड एस.टी.ने पेणच्या रामवाडी स्टँडला उतरायचा, दवाखान्यात रक्त धुवायच्या मशीनवर पडून राहायचा आणि संध्याकाळी आणखी थोडा काळवंडून घरी यायचा.

रोह्याची मालू ही बायजाची मावसबहीण. ती विश्वासात गेलेली, म्हणजे येशूच्या. त्यावरून माहेरच्या सगळ्यांनी नाकं मुरडली होती आणि त्यात बायजाचं नाक सगळ्यात पुढे होतं. तीच मालू एक दिवस म्हणाली, "बायजे, येत्या रविवारी ये गो आमच्याकडं. तुझ्या पोरासाठी प्रार्थना करू." बायजा गेली. पोरासाठी ती कुठेही गेली असती.

प्रार्थना चालवणाऱ्या हर्षदभाऊच्या घरी, बाहेरच्या खोलीत सतरंजीवर माणसं बसली होती. हर्षदभाऊही धाटावलाच ऑपरेटर. रात्रपाळी करून आलेला, डोळे तांबारलेले, पण आवाज मायेचा. गाणी झाली. मग एकेक जण उठून साक्ष देऊ लागला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगू लागला. एकीची गाठ विरघळली होती, एकाला नोकरी लागली होती. बायजाला हायसं वाटलं. हे तर नवस फेडणंच झालं की. ती उठून उभी राहिली.

"तुमच्या देवाला काय लागतं ते सांगा. नारळ, कोंबडं, काय असंल ते. मी ठेवून घेनारी बाय नाय."

दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. हर्षदभाऊ म्हणाला, "मावशी, त्याला तुम्हीच लागता."

"मी? माजं काय लोनचं घालनार हाय तो?"

आता हर्षदभाऊलाही हसू आवरेना. मग तो म्हणाला, "आपलं आयुष्य त्याच्या हाती सोपवायचं. म्हणायचं, आता मी तुझी. तू ठेवशील तशी राहीन."

"मंग पोराला बरा करील?"

हर्षदभाऊला खोटं बोलून तिला खूश करता आलं असतं. पण तो म्हणाला, "आपण मागू मावशी, रोज मागू. पण सोपवायचं ते त्याच्या बदल्यात नाय."

बायजा फणकारली. काय देणार ते सांगायचं नाही आणि घ्यायला मात्र सगळं माणूसच पाहिजे, हा कुठला व्यवहार? घरी येऊन तिने ही हकीकत सुशीलला साभिनय सांगितली. त्याची करमणूक व्हावी, एवढाच हेतू. सुशील हसला, पण पुढच्या रविवारी म्हणाला, "आये, मी पन येतो."

आला आणि येतच राहिला. मशीनचा दिवस नसला की मालूच्या घरून आणलेलं बायबल घेऊन पडवीत बसायचा. एका सकाळी बायजा अंगणात वाल सोलत होती, तिच्याजवळ येऊन तो म्हणाला, "आये, मी सोपवला जीव. देवाच्या हाती दिला."

बायजाच्या हातातली शेंग तशीच राहिली. गावाकडे देवाच्या नावाने बोकड सोडतात. त्याला मग कोणी बांधत नाही, कोणी माझा म्हणत नाही. तिच्या डोळ्यांपुढे तेच आलं.

"म्हंजे सोडलास जीव? मी एवढी दारोदार फिरते आन् तू सोडून मोकळा झालास?"

"तसं नाय गो. मशीनवर जायचं नाय सोडलं मी. भ्यायचं सोडलं."

ते खरं होतं. रात्ररात्र कूस बदलणारा पोरगा आता झोपत होता, प्रणिताशी थट्टा करत होता. बायजाला ते दिसत होतं आणि त्याचाच तिला राग येत होता. भीत होता तोवर तो तिचा होता. तिने मनातल्या मनात येशूला गाठलं आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा नवस बोलली: पोर उठू दे, मी तुझी होईन. तुला मीच पाहिजे ना? मग आधी पोर दे.

वाल काढणीला आला तेव्हा सुशीलच्या फुप्फुसात पाणी भरलं. पेणच्या दवाखान्यात, दुपारच्या वेळी, प्रणिता औषधं आणायला खाली गेली होती आणि बायजा खाटेशी बसली होती. तो म्हणाला, "आये, प्रार्थना कर."

बायजाने हात जोडले. "देवा, माज्या पोराला आयुष्य दे, मी तुला..."

"आये," त्याला बोलताना धाप लागत होती, "आता दे नको म्हनू. नुसतं घे म्हन."

तिला ते म्हणता आलं नाही. तिने त्याचा हात धरला, कपाळ पुसलं, पाणी हवंय का विचारलं, उशी सारखी केली, पण तो एक शब्द काही तिच्या तोंडातून फुटला नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. प्रणिता वर आली तेव्हा सुशील गेला होता.

जाळायचा की पुरायचा यावरून भावकीत कुजबुज सुरू झाली. प्रणितानेच ती मिटवली. सुशीलने तिला आधीच सांगून ठेवलं होतं: आये म्हणेल तसं करा, मी जिथे जायचा तिथे पोचलेला असेन. बायजाने अग्नी द्यायला लावला. हर्षदभाऊ आणि मालू मागे उभे होते, त्यांनी खांदा द्यायला मागितला आणि भावकीने देऊ दिला. गावातली माणसं वाईट नव्हती.

पुढे बायका बसायला यायच्या, रडायच्या, मग हळूच म्हणायच्या, "नवस फळलाच नाय ना? मंग सुटलीस गो तू. फेडायचं काय नाय तुला." बायजा मान हलवायची. बरोबरच होतं ते. देवाने मागितलं ते दिलं नाही, आता ती कोणाचं काही देणं लागत नव्हती. असं मोकळं तिला जन्मात वाटलं नव्हतं आणि हे मोकळेपण फार वाईट होतं. पहाटे उठून कोणासाठी काय मागावं, हे तिला कळेना. चुलीपुढे बसून राहायची. प्रणिता चहा पुढ्यात ठेवायची, तो निवून जायचा. एकदा प्रणिता तिच्या गळ्यात पडून रडली, तर बायजाला तिच्या पाठीवरून हात फिरवायचंही सुचलं नाही. आपण मेलो नाही, नुसत्या उरलो आहोत, असं तिला वाटत राहिलं.

एका रविवारी कोणी बोलावलं नसताना ती रोह्याला गेली. मालूने सतरंजीवर सरकून जागा दिली, काही विचारलं नाही. गाणी झाली, साक्षी झाल्या. कोणाच्या सुनेला दिवस गेले होते, कोणाचा ताप उतरला होता. बायजा उठली. हर्षदभाऊने मान खाली घातली.

"मी नवस बोललेले," बायजा म्हणाली. "पोर उठला तर मी तुजी. पोर नाय उठला. लोकं म्हनतात, सुटलीस. मला पन वाटलं, सुटले."

मालू तिला बसवायला उठली, बायजाने तिचा हात बाजूला केला.

"सुशील म्हनला, घे म्हन. तवा नाय म्हनाय आलं. आता म्हनते. मरान नाय मागत मी, घरात सून हाय, तिला कोन हाय माज्याशिवाय? हे जगायचं उरलंय ना, हे घे. तू ठेवशील तशी राहीन."

जन्मभराच्या सवयीने पुढचा 'दे' तिच्या ओठांवर आला. तो तिने गिळला.

"आन् बदल्यात काय नको," ती म्हणाली आणि खाली बसून सुशील गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.