लिंबू चोरायला दुसऱ्याचं घर लागतं

बत्तीस वर्षं संत जोसेफची वेदी निन्फा लूपोच्याच घरी मांडली जायची. पोरगा तापातून वाचला तेव्हाचा नवस. एकोणीस मार्चला सोफा अंगणात, तीन पायऱ्यांची वेदी बैठकीत, आणि अख्खं केनर गाव दारात. यंदा मात्र फेब्रुवारीतच तिने जाहीर केलं, "गुडघे गेले माझे. वेदी वेनेराकडे."

वेनेरा तिची नणंद. साठीची, बिनलग्नाची, तोंडाने फटकळ.

गुडघ्यांना काही झालं नव्हतं. आदल्याच शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये ही बाई दोन तास नाचली होती. खरं कारण लिंबू.

वेदीवरचं लिंबू चोरलं की वर्षाच्या आत नवरा मिळतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत. मागून घेतलेलं चालत नाही, विकतचं चालत नाही, कुणी हातात दिलं तर त्याचं नुसतं सरबत. चोरावंच लागतं, तेही कुणी न बघता. आणि वेदी आपल्याच घरी असली तर? आपल्याच घरात चोरी कशी करणार? तिथेच निन्फाचं घोडं अडलं होतं. वय त्रेसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं, आणि मनात भरलेला गास्पारे तूसा.

गास्पारे भाजीवाला. त्याचा पणजोबा आणि निन्फाचा पणजोबा सिसिलीतल्या पालेर्मोहून एकाच जहाजातून आले. जहाज लिंबांचं, माणसं वरकड. पेट्यांवर झोपून आले, न्यू ऑर्लिन्सला उतरले आणि थेट उसाच्या मळ्यात. महिनाभर अंगाचा लिंबाचा वास जाईना म्हणे. ही गोष्ट गास्पारे इतकी रंगवून सांगायचा की कांदे आणायला गेलेली बाई दुपार करून परत यायची. निन्फा तर हल्ली रोज कांदे आणायची. घरातल्या कांद्यांना कोंब फुटले, पण गडी जहाजाच्या पुढे सरकेना.

म्हणून लिंबू. भीती एकच, वेनेराची. गेलेल्या नवऱ्याची सख्खी बहीण. तिला कळलं आणि तिने तोंड फिरवलं तर? नवरा मिळेल न मिळेल, पण रविवारी जेवताना भांडायला कोण?

एकोणीसला सकाळपासून वेनेराचा तोंडाचा पट्टा चालू.

"वहिनी, पास्त्यावरचा पावाचा चुरा अजून भाज. जोसेफ सुतार होता ना? मग भुसा दिसला पाहिजे, भुसा! हे काय, पावडर लावल्यासारखं."

"वरून थोडं चीज घातलं असतं तर..."

"आजच्या दिवशी चीज? आपल्या खापरपणज्यांना परवडलं नाही म्हणून त्यांनी चुरा घातला. आता परवडतं म्हणून काय नाक वर करायचं? आणि स्टुलावर का चढलीस? गुडघे गेलेत ना तुझे?"

निन्फा गपकन उतरली. लिंबांची टोपली यंदा थेट वरच्या पायरीवर होती, मूर्तीच्या पायाशी.

"टोपली खाली ठेवू या का गं? पोरींचे हात पुरायला नकोत?"

"राहू दे वरच. चोरी करायची तर घाम गाळा."

फादर येऊन प्रार्थना म्हणून गेले. पंगती बसल्या, गास्पारेही त्यात. एकेक पोरगी वेदीपाशी जाई, तेवढ्यात सगळ्यांना छत बघायची हुक्की येई, आणि टोपलीतलं एक लिंबू कमी होई. दुपारी टोपलीत एकच उरलं. निन्फा उठली, मेणबत्ती नीट केल्यासारखं केलं, टाचा उंचावल्या, लिंबावर हात ठेवला...

"वहिनी."

मागे वेनेरा. हातात अंजिराच्या बिस्किटांचं ताट.

"मेणबत्ती कलली होती गं."

"मेणबत्ती त्या टोकाला आहे. गास्पारेच ना?"

निन्फाने लिंबावरचा हात काढून मूर्तीचा पाय पुसला.

"पोतंभर कांदे सडतायत तुझ्या घरात. मी काय आंधळी आहे?"

"वेनेरा, तुझ्या भावाला मी कधीच..."

"त्याला मध्ये आणू नकोस. चांगला होता, घोरायचा, गेला. नऊ वर्षं झाली." वेनेराने आवाज खाली आणला. "तुझ्या वेदीवरनं मी किती लिंबं चोरलीत, माहितीये? एकवीस."

"तू?"

"मग काय, तुझा करपलेला चुरा खायला येत होते?"

"पण मग एकदाही..."

"एकदाही नाही. संताला माझं तोंड माहितीये. आता घे पटकन. थांब, मी देत नाहीये हां, नाहीतर फुकट जाईल. चोर!"

"सगळे बघतील ना!"

"त्यांना मी बघते." वेनेरा वळली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "विवा सान जुसेप्पे!"

हा संत जोसेफचा जयजयकार ऐकला की हातातला घास टाकून मूर्तीकडे बघायचं आणि जोरात साथ द्यायची, ही आमची शिस्त. गडबडीत वेनेरा नेमकं तेच विसरली. चाळीस माना मूर्तीकडे वळल्या. मूर्तीच्या पायाशी निन्फा, टाचा उंचावून उभी, मुठीत लिंबू.

"विवा..." एवढं म्हणून सगळे थबकले.

मग एकाला पंखा फार आवडला. दुसरा बुटाची नाडी बांधायला वाकला. नाडी नसलेलेही वाकले. वेनेराने कपाळावर हात मारला.

एकटा गास्पारे काटा हवेत धरून टक लावून बघत राहिला.

"बघताय काय?" निन्फा रडवेली झाली होती.

त्याने लिंबाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. कान लालभडक झाले. उठला, खुर्ची करकरत फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"मी काही बघितलं नाही," तो भिंतीला म्हणाला. "सावकाश चोरा. मी आहे इथेच."