बंद गाडीत मोजलेलं तेल

तीस वर्षं डिफेन्स फॅक्टरीत तपासनीस होतो. दुसऱ्याच्या कामातली खोट काढणं ही माझी नोकरी, आणि निवृत्तीनंतरही ती काही सुटली नाही. हवं तर माझ्या धाकट्या बहिणीला, विनताला विचारा.

विनताच्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही. क्लच दाबावा लागत नाही म्हणून तिनं चौदा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. घमापुरातून शाळेत शिकवायला ती स्वतः गाडी चालवत जाऊ लागली आणि बावन्नाव्या वर्षी तिच्या चेहऱ्यावर जो रुबाब आला, तो मी आधी कधी पाहिला नव्हता.

गेल्या सोमवारी गोहलपुरच्या जगदीश मिस्त्रीनं गाडीच्या गिअरबॉक्सचं तेल बदललं. असल्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीला हात लावणारे थोडेच, त्यामुळे विनताची सगळी भिस्त त्याच्यावर. घरी आल्यावर ती म्हणाली, "दादा, जगदीशभैया सांगत होते, हे तेल मोजायचं तर गाडी फिरवून आणायची, अन् इंजिन चालू ठेवूनच पाहायचं."

"मले शिकवून राहिला का तो?" मी उसळलो. "तेल बंद गाडीतच मोजतात."

मंगळवारी सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा मी बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या तेलात बुडालेली मापाची पट्टी काढली. तेल खुणेच्या चांगलं दोन बोटं वर. मला कोण आनंद झाला! मोठ्या सिरिंजला नळी लावून लिटरभर तेल उपसलं आणि बरोबर खुणेवर आणून ठेवलं. विनताला बोललो नाही. रविवारी चारचौघांत सांगून जगदीशची जिरवायची होती.

गुरुवारी शाळेतून येताना चढावर गाडी थांबली. इंजिन गरजत होतं, चाक हलत नव्हतं. मागे हॉर्न, शिव्या, आणि विनता आत एकटी. शेवटी जगदीशच येऊन गाडी घेऊन गेला.

शनिवारी आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. त्यानं तेल पुन्हा भरून गाडी चालती केली होती.

"तेल बहुत कम था, दीदी," तो म्हणाला. "टपका कहीं से नहीं. मैंने ही कम भरा होगा."

मग त्यानं आम्हाला माप दाखवलं. इंजिन बंद असताना तेल खुणेच्या दोन बोटं वर. इंजिन सुरू केलं, गिअर फिरवले, तेव्हा ते उतरून बरोबर खुणेवर आलं. मंगळवारी मला दिसलं होतं, तेही एवढंच वर.

"अब ऑटोमैटिक गाड़ी का काम नहीं लूँगा," जगदीश म्हणाला. "हाथ का भरोसा नहीं रहा."

"ऐसा मत बोलो, भैया," विनता म्हणाली. "फिर मैं किसके पास जाऊँगी?"

आणि मी काय बोललो? "होता है, इस उमर में." असं बोललो मी, मोठेपणानं! त्या माणसानं खाली मान घालून "हाँ, भाईसाहब" म्हटलं. त्या 'हाँ'नं मला माझीच इतकी किळस आली की उभं राहवेना.

"तेल मैंने निकाला था," मी म्हणालो. "मंगल को. बंद गाड़ी में नापकर."

जगदीश चिंधीला हात पुसत राहिला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"दो दिन से गिअरबॉक्स खोल-खोलके अपनी गलती ढूँढ रहा हूँ," तो म्हणाला. "घरवाली को भी बोल दिया कि अब मुझसे काम नहीं होता."

विनतानं माझ्याकडे पाहिलंच नाही. किल्ली घेऊन ती गाडीत बसली आणि शेजारचं दार उघडून म्हणाली, "चलो भैया, एक चक्कर लगाके आते हैं. आपने भरा है, आप ही देखो." मग मला म्हणाली, "तू ऑटोनं घरी जा, दादा."

गाडी वळणापलीकडे गेली, तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी केलेलं सांगून मोकळा झालो होतो. माफी मागितलीच नव्हती.